दोनशे रुपयांचा फरक : ऊस कुठं घालायचा, या एका बैठकीतल्या युक्तिवादांची तपासणी

बेळगावातून वेंगुर्ला रस्त्यानं बाहेर पडलं की हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी करत बाची येते आणि बाची सरली की शिनोळीला महाराष्ट्र लागतो. भात, रताळी आणि ऊस यांचा हा पट्टा. इथल्या ऊसकऱ्यापुढं दिवाळीच्या तोंडावर दर साली एकच विषय असतो : यंदा ऊस अलीकडच्या (कर्नाटकातल्या) कारखान्याला घालायचा की पलीकडच्या (महाराष्ट्रातल्या)? दोन्हीकडचे शेती विभागाचे लोक गावात फिरून गेलेले असतात, बऱ्याच जणांनी दोन्हीकडं नोंद करून ठेवलेली असते (हे उघड कुणी बोलत नाही), आणि मग एका संध्याकाळी देवळाच्या सभामंडपात बैठक बसते.

पुढचा प्रसंग अशा बैठकांत दर हंगामाला जे बोलणं होतं त्यातून जुळवलेला आहे. सरकारी दर आणि कायद्याचे आकडे खरे आहेत. दोन कारखान्यांचे आकडे मात्र हिशोब कळावा म्हणून गोल धरलेत, ते कुठल्या एका कारखान्याचे नाहीत. काळ २०२४ चा ऑक्टोबर अखेर. बसलेले वीस-बावीस ऊसकरी, त्यातले निम्मे एकमेकांचे भाऊबंद. एक थोरले आप्पा, एक ट्रॅक्टरवाला, नुकतंच बी.कॉम. झालेलं एक पोरगं, आणि नवऱ्याच्या माघारी शेत स्वतः बघणाऱ्या एक मावशी. पुढं जे सांगायचं त्यात ही चार माणसं परत परत येतील.

तर्कशास्त्राच्या पुस्तकात दोषांची यादी असते. ती पाठ करून अशा बैठकीत बसलं तर दहा मिनिटांत वही भरते, कारण जवळजवळ प्रत्येक वाक्यात काही ना काही दोष सापडतोच. पण वही भरली म्हणून ऊस कुठं घालायचा हे कळत नाही. या बैठकीत जी विधानं पुस्तकी हिशोबानं सदोष होती त्यातली दोन खूप कामाची होती, आणि जे विधान सगळ्यांना बिनतोड वाटलं ते पोकळ होतं. म्हणून मी दोषाचं नाव शेवटी बघतो. आधी बघतो की हे वाक्य खरं की खोटं हे ठरवायला मला बोलणाऱ्यावर विश्वास ठेवावा लागणार आहे, की ते कागदावर तपासता येतं.

"विषय संपला"

सुरुवात ट्रॅक्टरवाल्यानं केली. "पलीकडं बत्तीसशे, अलीकडं तीन हजार. टनाला दोनशेचा फरक. आता ह्यात बोलायचं काय ऱ्हायलं? विषय संपला." माना हलल्या. दोन आकडे, एक वजाबाकी. यापेक्षा साधा युक्तिवाद असू शकत नाही.

मावशी तेवढ्यात म्हणाल्या, "बिल कवा मिळालं हुतं त्ये सांगा की." कुणी उत्तर दिलं नाही. विषय संपलेला होता ना.

आता ते दोन आकडे. पलीकडचे ३,२०० हे तोडणी-वाहतूक वजा जाता एकरकमी मिळणार होते. अलीकडचे ३,००० हा पहिला हप्ता होता, तोही तोडणी-वाहतूक वजा जाताच. दोन्हींना गावात "दर" म्हणतात, पण एक पूर्ण रक्कम आहे आणि दुसरा रकमेचा पहिला भाग. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या तर्कशास्त्रात, याला वाक्छलाच्या (बोलणाऱ्याच्या शब्दाचा दुसराच अर्थ धरण्याच्या) घरातलं म्हणतील. तिथलं ठरलेलं उदाहरण असं : एकजण 'नवकंबल' म्हणतो, त्याच्या मनात नवं कांबळं असतं, आणि समोरचा विचारतो, नऊ कांबळी कुठं आहेत? फरक इतकाच की छल करणारा मुद्दाम करतो. ट्रॅक्टरवाल्यानं मुद्दाम काही केलं नव्हतं. त्यानं कारखान्याच्या माणसाकडून जसं ऐकलं तसं सांगितलं. रोजच्या बोलण्यातले बहुतेक घोटाळे असेच, कुणाची लबाडी नसताना होतात, आणि म्हणून "तू फसवतोयस" असं म्हणून ते सुटत नाहीत.

पाठोपाठ दुसरं विधान आलं : "महाराष्ट्रात एफआरपीच जास्त हाय." हे तपासायला कुणावरही विश्वास ठेवायची गरज नाही. एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचाच असा किमान दर, केंद्र सरकार ठरवतं आणि ती सगळ्या देशाला एकच असते. २०२४-२५ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी (उतारा म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) टनाला ३,४०० रुपये, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्का उताऱ्यामागं टनाला ३३ रुपये २० पैसे जादा. बाची आणि शिनोळी यांच्यामध्ये हा आकडा बदलत नाही. बदलतो तो कारखान्याचा उतारा आणि तोडणी-वाहतुकीचा खर्च. म्हणजे राज्य हे कारण नव्हेच. कारण त्या त्या कारखान्याचं आहे.

पोरग्याचा कागद

बी.कॉम. पोरग्यानं लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशोब मांडून आणला होता. त्याचं म्हणणं : अलीकडच्या कारखान्याचा उतारा ११.७५. म्हणजे १०.२५ च्या वर दीड टक्का, पंधरा टप्पे. पंधरा गुणिले ३३.२० म्हणजे ४९८. ३,४०० मध्ये मिळवले की ३,८९८. तोडणी-वाहतूक सरासरी ७५० वजा केली की ३,१४८. पहिला हप्ता ३,००० देणार असतील तर राहिलेले १४८ ही कारखान्याची मेहरबानी नव्हे, ते देणंच लागतं.

पहिलं प्रत्युत्तर त्याच्या चुलत्याकडून आलं. "तू गप बस गा. तुझा भाऊ त्याच कारखान्यात कामाला हाय न्हवं? तू तिकडचंच बोलणार." लोक हसले, आणि कागद बाजूला पडला.

पुस्तकात याला व्यक्तीवर हल्ला म्हणतात आणि एका रेघेत दोषी ठरवतात. मला ते तेवढं सरळ वाटत नाही. पोरग्यानं त्या संध्याकाळी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, हा ३,१४८ चा हिशोब. दोन, "यंदा तोडणीच्या टोळ्या जादा आल्यात, डिसेंबरातच आपल्या बाजूला लागणार." चुलत्याचा आक्षेप या दोन्हींवर सारख्याच जोरानं आदळला, पण तो लागू एकालाच होतो. बेरीज-वजाबाकी कुणीही केली तरी तीच येणार. उतारा आणि तोडणी-वाहतूक यांचे आकडे साखर खात्याच्या कारखानानिहाय यादीत बघता येतात. पोरग्याचा भाऊ कारखान्याचा मालक असता तरी ४९८ चे ४९९ झाले नसते. उलट टोळ्या डिसेंबरात येणार हे वाक्य संपूर्णपणे त्याच्या (म्हणजे त्याच्या भावाच्या) शब्दावर उभं आहे. कारखान्यातल्या माणसाला नोंदी टिकवायच्या असतात. तारीख सांगताना तो लवकरचीच सांगणार. इथं "तुझा भाऊ तिकडं आहे" हा दोष नाही, हा रास्त प्रश्न आहे.

आपल्याकडं आप्तवाक्य प्रमाण मानायचं तर सांगणारा आप्त आहे का, म्हणजे त्याला माहिती आहे का आणि खरं सांगण्यात त्याला काही अडचण आहे का, हे बघतातच. साक्षीदाराची चौकशी होते ती यासाठी. पण हिशोबाची चौकशी साक्षीदाराकडं बघून करायची नसते. बैठकीत झालं नेमकं उलटं : भावाच्या नोकरीवरून हिशोब फेटाळला गेला आणि डिसेंबरची तारीख मात्र "त्याला आतली खबर असणार" म्हणून चार जणांनी मनात धरली. एकाच नात्यामुळं एक गोष्ट खोटी ठरली आणि दुसरी खरी.

हातात काय पडतं

मावशींचा प्रश्न परत उचलू, कारण सगळ्या बैठकीत हिशोबाला धरून असलेला प्रश्न तोच होता. दर काय, हे सोडून हातात काय पडतं आणि कधी, हे मांडलं तर चित्र असं दिसतं.

पलीकडचे ३,२००. मागच्या अनुभवावरून बिल पंचेचाळीस दिवसांनी आलं होतं, अलीकडचा पहिला हप्ता पंधरा दिवसांत. महिनाभराचा उशीर. गावात उसनवारी, सोसायटी, बचत गट धरून वर्षाला बारा टक्क्यांनी पैसा मिळतो असं धरलं तर ३,२०० वर महिन्याचं व्याज ३२ रुपये. शिवाय पलीकडच्या वाहनाला खेपेमागं खुशाली आणि एंट्री (तोडणी-वाहतुकीची माणसं वरून मागतात ते पैसे) मिळून पाचशे रुपये जातात. वीस टनांची खेप धरली तर टनाला २५. ३,२०० मधून ३२ आणि २५ गेले, राहिले ३,१४३.

अलीकडचे ३,००० अधिक १४८. हे १४८ मागं लागून लागून आठ महिन्यांनी मिळतात असं धरू. त्याचं व्याज साधारण १२ रुपये. राहिले ३,१३६.

फरक सात रुपयांचा. पन्नास टन ऊस असलेल्याला हंगामाचे साडेतीनशे रुपये. दोनशे रुपयांवर "विषय संपला" होता तो हा.

पण हिशोब इथं थांबवला तर तोही फसवाच ठरेल. राहिलेले १४८ आलेच नाहीत तर अलीकडचे ३,००० राहतात आणि फरक १४३ वर जातो. म्हणजे सात ते एकशे त्रेचाळीस, एवढा मोठा पल्ला एकाच गोष्टीवर टांगलेला आहे : दुसरा हप्ता येणार की नाही? दीड तासाच्या बैठकीत या प्रश्नावर कुणी पाच मिनिटंही बोललं नाही. खोडवा, काटा, मराठीपण, मागल्या पिढीतली भांडणं, सगळ्यावर बोलणं झालं. युक्तिवाद तपासताना मी हे आधी शोधतो की कुठली गोष्ट खोटी ठरली तर निर्णय उलटेल. ज्या गोष्टीनं निर्णय हलत नाही तिच्यावर कितीही चूक-बरोबर बोला, हाती काही लागत नाही.

दुसरा हप्ता येईल असं म्हणणाऱ्यांचे दोन आधार होते. एक, "मागल्या साली आला हुता." हा एका वर्षाचा दाखला. नसण्यापेक्षा बरा, पण त्यावर पन्नास टन टाकावेत असा नाही. दुसरा पोरग्याचा : एफआरपीपेक्षा कमी देता येत नाही, म्हणून ते देणं आहे. हा पहिल्यापेक्षा पुष्कळ बळकट, कारण तो सवयीवर उभा नाही, १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशावर उभा आहे. त्या आदेशानुसार ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर वर्षाला पंधरा टक्के व्याज लागतं. चौदा दिवसांचा हा नियम पलीकडच्यालाही तितकाच लागू, हे जाता जाता. मात्र इथंही एक सांधा निखळतो. "देणं लागतं" यावरून "मिळेल" असं आपोआप निघत नाही. मधलं एक वाक्य गाळलेलं आहे : देणं लागत असेल तर कारखाने देतात. ते मधलं वाक्य मोठ्यानं म्हटलं की सभामंडपात हशा पिकतो, आणि हशा पिकला की कळतं की युक्तिवादाचा कमकुवत भाग तिथं आहे. मजा अशी की पोरग्याचा कागद फेटाळणाऱ्यांपैकी एकानंही हा आक्षेप घेतला नाही. त्यांच्याजवळ खरा आक्षेप होता आणि त्यांनी भावाचा काढला.

अख्खं गाव

"अख्खं गाव पलीकडं घालतंय, आपणच काय येगळे लागून गेलोय?" हे वाक्य तीनदा आलं. लोक करतात म्हणून ते बरोबर, हा दोष शाळेतल्या पोरालाही माहीत असतो. कुणाचा काटा खरा, कुणाचा दर चांगला, या प्रश्नांना मोजमाप डोक्यांचं लावून उपयोग नाही, हे खरंच.

पण उसाचं गणित वेगळं चालतं. टोळी दोन एकरांसाठी गावात उतरत नाही. मुकादम दहा-पंधरा कोयते घेऊन येतो, कोयता म्हणजे नवरा-बायकोची एक जोडी. त्यांच्या खोपी पडायच्या तर आजूबाजूला तीन-चार आठवड्यांचं काम दिसलं पाहिजे. गावात ज्या कारखान्याचा ऊस जास्त, त्याची टोळी आधी लागते. म्हणजे इथं लोकांची संख्या हा नुसता पुरावा नाही, ती स्वतःच एक कारण आहे. अशा वेळी "सगळे काय करतायत" हे विचारणं शहाणपणाचं आहे, आणि त्यावर दोषाचा शिक्का मारणारा माणूस उभ्या उसाकडं बघत मार्च काढतो.

फक्त ते वाक्य जरा बारीक करून घ्यावं लागतं. अख्खं गाव कुठं घालतं याच्याशी मला देणंघेणं नाही. माझ्या शेतापर्यंत ट्रॉली ज्या वाटेनं येते त्या वाटेवर पुढं कुणाची शेतं आहेत, ते कुठं घालतायत, याच्याशी आहे. पुढच्याचा ऊस उभा असेल तर माझ्या फडात ट्रॅक्टर जात नाही. पुढचा पलीकडं घालणार आणि त्याची तोड फेब्रुवारीत असेल, तर अलीकडच्या कारखान्यानं मला डिसेंबरची तारीख देऊन उपयोग काय? गावाच्या आकड्यापेक्षा वाटेवरच्या चौघांचं मत मोलाचं. बैठकीत हे बोललं कोण, तर थोरले आप्पा, आणि त्यांनी ते वेगळ्याच तऱ्हेनं मांडलं.

आप्पा म्हणाले, "माझे केस काय उन्हात पांढरे झाल्यात? आधी वरच्या बाजूचा ऊस काढा, मग खालचा. कारखाना कंचा बी असंना." पोरगं नाराज झालं. केस पांढरे हा काय पुरावा, असं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. वय हा पुरावा नव्हे, कबूल. पण आप्पांनी ओढ्याकाठच्या खालच्या जमिनीत डिसेंबरात रुतलेल्या ट्रॉल्या कितीतरी हंगाम बघितल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी रुतली की नाही हे त्याच दिवशी कळलं होतं. ज्या गोष्टीत चूक झाली की लगेच दिसते, आणि जी गोष्ट परत परत घडते, तिथला अनुभव पक्का होतो. त्याच आप्पांनी अर्ध्या तासानं साखरेचा भाव मार्चपर्यंत कुठं जाणार ते त्याच आवाजात सांगितलं. तिथं त्यांचे केस आणि माझे केस सारखेच.

खोडवा आणि मराठीपण

एकानं सांगितलं की २०२३ च्या फेब्रुवारीत त्यानं ऊस अलीकडं घातला आणि त्या साली खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून परत फुटणारं पीक) बसला, म्हणजे वाया गेला. "तवापास्नं मी तिकडं बघत बी न्हाई." त्या वर्षी पाऊस उशिरा आला आणि कर्नाटक सरकारनं पुढं राज्यातले बहुतेक तालुके दुष्काळी जाहीर केले. खोडवा दोन्हीकडं ऊस घालणाऱ्यांचा बसला. न्यायाच्या भाषेत हा सव्यभिचार हेतू : जी खूण पुढं केली (खोडवा बसणं) ती, जे ठरवायचं (ऊस अलीकडं घालणं) ते असतानाही दिसते आणि नसतानाही, म्हणून तिच्यावरून काही ठरत नाही. त्याच मंडपात त्याच्या शेजारी बसलेल्यानं ऊस पलीकडं घातला होता आणि त्याचाही खोडवा गेला होता. दोघं एकमेकांच्या शेजारी बसून दीड तास बोलले, हे एवढं मात्र बोलले नाहीत. तरी यातला एक धागा टाकून देण्यासारखा नाही. टोळीनं ऊस जमिनीलगत न तोडता वर बुडखे सोडले किंवा तोड उन्हाळ्यावर ढकलली तर खोडव्याची फूट खरंच बिघडते. म्हणजे विचारायचं ते असं : तोड कधी झाली, आणि बुडखे किती उंच राहिले? कारखान्याचं नाव त्यानंतर.

काळा दिन (१ नोव्हेंबर, सीमाभागातले मराठी लोक निषेध म्हणून पाळतात तो) तोंडावर आलेला. त्यामुळं पुढचं वाक्य येणारच होतं : "मराठी माणसानं ऊस महाराष्ट्रालाच घातला पायजे." त्यावर मंडपाच्या दुसऱ्या कोपऱ्यातून : "ऱ्हायचं हितं, बियाणाची सवलत हितली घ्यायची, आणि ऊस तिकडं?" १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा प्रश्न, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, घराघरातल्या आठवणी, हे सगळं या एका वाक्यामागं उभं असतं. त्याला तर्कदोष म्हणून झटकणं मला उद्धटपणाचं वाटतं. माणसानं आपल्या भाषेसाठी चार पैसे सोडावेत, हा त्याचा हक्क आहे. घोटाळा तेव्हा होतो जेव्हा ते मूल्य दराचा पुरावा म्हणून वापरलं जातं : आपली माणसं म्हणून काटा खरा, आपली माणसं म्हणून बिल वेळेवर. तिथं एक साधा प्रश्न पुरतो. टनाला किती रुपये कमी मिळाले तरी तू तिकडंच घालशील? "पन्नास" असं उत्तर आलं तर तो विचार केलेला माणूस आहे, वाद घालायचं कारण नाही. उत्तर न देता आवाज चढला तर समजावं की दोन वेगळी खाती एकात लिहिली गेलीत. आणि तोडायला येणारी टोळी दोन्हीकडं बऱ्याचदा बीड जिल्ह्यातलीच असते, हेही ध्यानात असू द्यावं. सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ऊस राज्याबाहेर न्यायला बंदी घातली आणि शेतकरी खवळल्यावर काही दिवसांतच मागं घेतली, तेव्हा तिकडचा मराठी ऊसकरी इकडं ऊस घालायला मिळावा म्हणूनच ओरडत होता.

एकानं जमीन जाण्यापर्यंतची साखळी लावली : ऊस तिकडं घातला की इथली नोंद रद्द, नोंद रद्द की पुढल्या साली ऊस उभा, ऊस उभा की सोसायटीचं कर्ज थकलं, कर्ज थकलं की जप्ती. साखळीतल्या पहिल्याच कडीला विचारलं की असं कुणाचं झालंय का गावात? कुणाचं झालं नव्हतं. तिथंच तो मुद्दा संपला. मात्र सोसायटीचं कर्ज कारखान्याच्या बिलातून कापून जातं आणि कारखाना बदलला तर ती वसुली कशी होणार, हे आधी सोसायटीत विचारून घ्यायला हवं, ही गोष्ट त्या रडगाण्यातून निघाली ती उपयोगाचीच.

आणि एकजण असा होता की ज्यानं स्वतःचं काहीच मांडलं नाही. प्रत्येकाचं खोडून काढलं, तेही बऱ्यापैकी बरोबर खोडलं. "मग तू कुठं घालणार?" तर म्हणे, "बघू." वितंडा म्हणतात ती हीच. तो गावात फार हुशार समजला जातो. त्याचा ऊस दर साली शेवटी जातो.

काटा

शेवटचा मुद्दा काट्याचा, आणि तो अजून मिटलेला नाही. ट्रॅक्टरवाल्याचं म्हणणं : अलीकडचा कारखाना काटा मारतो. पुरावा, मागल्या हंगामात एका खेपेला बाहेरच्या खाजगी काट्यावर आणि कारखान्यात चारशे किलोंचा फरक निघाला.

वीस टनांत चारशे किलो म्हणजे दोन टक्के. तीन हजारांच्या दरात टनाला साठ रुपये. आपला मूळ फरक सात रुपयांचा, त्यामुळं ही गोष्ट खरी असेल तर ती एकटी सगळा निर्णय फिरवते. म्हणून तिला "एका खेपेवरून काय ठरतं" असं म्हणून सोडून देता येत नाही. पुरावा तुटपुंजा आहे, पण धोका मोठा आहे, आणि तपासायला खर्च फार नाही. अशा ठिकाणी "सिद्ध कर नाहीतर गप बस" हे चुकीचं आणि "नाही म्हणून दाखव" हेही चुकीचं. वजन करून बघायचं.

तर ठरलं की पहिल्या चार खेपा आधी बाहेरच्या काट्यावर घालायच्या. दोन्ही काट्यांवर वैधमापन खात्याचा चालू शिक्का आहे का बघायचं. ड्रायव्हर दोन्हीकडं खाली उतरलेला असावा, टाकीतल्या डिझेलचा अंदाज लिहून ठेवावा, रिकाम्या गाडीचं वजनही दोन्हीकडं घ्यावं, कारण फरक भरल्या गाडीतच येतो असं नाही.

मावशींनी तेव्हा ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, "आणि फरक न्हाई निघाला तर?"

तो म्हणाला, "तर त्यास्नी आधीच कळलं असणार की आपण वजन करून आणलंय."

फरक निघाला तर काटा मारतात. नाही निघाला तर त्यांना कळलं होतं. असा दावा कुठल्याच वजनानं हरत नाही, आणि ज्या दाव्याला कुठलंच वजन हरवू शकत नाही त्यासाठी चार खेपांचा खर्च कशाला? पण त्याच्या बोलण्यात शक्यता आहे हेही खरं. गावातल्या गाड्या कारखान्याच्या ओळखीच्या असतात. मग पोरग्यानं सुचवलं ते असं : चारपैकी दोन खेपांची वजनं बाहेर करायची, दोनची नाही, आणि कुठल्या दोन हे ड्रायव्हरलाही आदल्या रात्रीपर्यंत सांगायचं नाही. शिवाय आकडा आत्ताच ठरवायचा. ट्रॅक्टरवाल्यानं दीडशे किलो सांगितलं. त्याहून कमी फरक निघाला तर तो काट्याचं नाव काढणार नाही, जास्त निघाला तर पोरगं आणि त्याचा भाऊ काढतील. दोन खेपांनी शंभर टक्के काही ठरत नाही, हे पोरग्यानं स्वतःच सांगितलं. पण वजन व्हायच्या आधी आकडा बोलून घेतल्यानं नंतरची पळवाट अरुंद होते.

दीडशे हा आकडा लग्नपत्रिकेच्या त्याच कोऱ्या बाजूला, ३,१४८ च्या खाली लिहिला गेला. वरच्या बाजूची शेतं अलीकडच्या कारखान्याला, ओढ्याकाठची जानेवारीनंतर पलीकडच्याला, असं वाटेवरच्या चौघांनी आपापसात ठरवलं. दोनच वाटा आहेत असं समजून दीड तास भांडल्यावर तिसरी निघाली ती अशी. बाकीच्यांनी आपापलं बघायचं. चुलत्यानं मात्र जाता जाता परत सांगितलं की पलीकडं बत्तीसशे आहेत.